चिठ्ठीची घडी



महिन्यातल्या एखाद्या शनिवारी केंद्रातले काम जरा लवकर आटोपायचे, सगळ्यांनी मिळून काहीतरी पाहायचे किंवा वाचायचे आणि मग त्यावर बोलत बसायचे, ही आमच्याकडची जुनी पद्धत. या वेळी एका मैत्रिणीने इंग्लंडच्या दूरचित्रवाणीवरचे एक नाट्य आणले होते. 'द मर्डर ऑफ स्टीफन लॉरेन्स' हे त्याचे नाव. पॉल ग्रीनग्रास यांनी लिहून दिग्दर्शित केलेले हे नाट्य तिथल्या आयटीव्ही वाहिनीने फेब्रुवारी १९९९ मध्ये दाखवले होते. भाषा इंग्रजी, तीही लंडनच्या वळणाची. निम्म्या जणींना समजणार नाही म्हणून एक जण मध्ये मध्ये थांबवून मराठीत सांगत होती.

मागे भिंतीला टेकून एक मावशी बसल्या होत्या. त्यांची मुलगी लग्नाच्या चौथ्या वर्षी सासरी भाजून गेली. खटल्याच्या कागदांच्या झेरॉक्स न्यायला त्या आल्या होत्या आणि चहा होईपर्यंत टेकल्या होत्या. (त्यांना विचारूनच हे लिहिते आहे, ओळख पटेल असे काही सांगत नाही.) पडद्यावर एक प्रसंग चालू होता. खून झालेल्या मुलाची आई पोलीस अधिकाऱ्याच्या हातात एक कागद देते. लोकांनी घरी येऊन सांगितलेली मारेकऱ्यांची नावे तिने त्यावर लिहून आणलेली आहेत. अधिकारी तिच्याशी सभ्यपणे बोलत राहतो आणि बोलता बोलता त्या कागदाची घडी करतो, घडीची पुन्हा घडी, तिचीही घडी. आमची मैत्रीण नाट्य थांबवून सांगायला लागली, तशा मावशी मागून म्हणाल्या, "राहू दे गं, कळलं मला."

या अंकाचे संपादकीय दुसऱ्याच विषयावर लिहायचे ठरले होते. ते बाजूला ठेवले.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी हकीकत सांगते. स्टीफन लॉरेन्स हा अठरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा. त्याला आर्किटेक्ट व्हायचे होते. आईवडील, डोरीन आणि नेव्हिल, दोघेही मूळचे जमैकाचे. २२ एप्रिल १९९३ च्या रात्री आग्नेय लंडनमधल्या एल्टम भागात मित्राबरोबर बसची वाट पाहत असताना गोऱ्या तरुणांच्या एका टोळक्याने वर्णावरून शिवी देत त्याला भोसकले. जागेवर आलेल्या पोलिसांनी त्याला प्रथमोपचारसुद्धा दिले नाहीत. जीव वाचवून पळालेल्या मित्राला साक्षीदार म्हणून धीर द्यायचा सोडून त्याच्याकडेच संशयाने पाहिले. एक-दोन दिवसांतच संशयितांची नावे पोलिसांपर्यंत वेगवेगळ्या वाटांनी पोहोचली. कोणीतरी टेलिफोनच्या बूथमध्ये निनावी पत्रही ठेवून गेले. तरी पहिली अटक व्हायला दोन आठवडे लागले. मधल्या काळात नेल्सन मंडेला लंडनला आले होते, ते या कुटुंबाला भेटले. भेटीच्या दुसऱ्या दिवशी पोलिसांची गाडी हलली. आईने चिठ्ठी दिली तीही त्या भेटीच्याच दिवशी. घड्या घालण्याचा तो प्रसंग नाटककाराच्या डोक्यातून आलेला नाही. पुढे झालेल्या जाहीर चौकशीत त्याची नोंद आहे.

नंतरचे सगळे तारखांचेच आहे. जुलै १९९३ मध्ये पुरावा अपुरा म्हणून आरोप मागे घेतले गेले. कुटुंबाने स्वतः खासगी फिर्याद लढवली, ती एप्रिल १९९६ मध्ये कोसळली आणि तिघे निर्दोष सुटले. एकदा निर्दोष सुटलेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला नाही, हा तिथलाही नियम, म्हणजे ते दारही बंद झाले. १९९७ मध्ये मृत्यूच्या कारणांची चौकशी करणाऱ्या ज्यूरीने सांगितले की पाच गोऱ्या तरुणांनी कोणतीही कुरापत नसताना वंशद्वेषातून हा खून केला. त्यानंतर सरकार बदलले, सर विल्यम मॅकफर्सन यांची चौकशी बसली आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये, हे नाट्य दाखवले गेल्यावर थोड्याच दिवसांत, त्यांचा अहवाल आला. लंडनच्या पोलीस दलात संस्थात्मक वंशवाद आहे, असे त्यात स्वच्छ लिहिलेले होते. सत्तर शिफारशी होत्या. त्यांतल्या एकीवरून पुढे कायदा बदलला आणि गंभीर गुन्ह्यात नवा सबळ पुरावा मिळाला तर सुटलेल्यावरही पुन्हा खटला चालवता येऊ लागला. जुन्या कपड्यांची नव्याने तपासणी झाली, एका जाकिटाच्या कॉलरवर रक्ताचा बारीकसा डाग सापडला, आणि ३ जानेवारी २०१२ रोजी दोघे दोषी ठरले. दोघेच.

खुनापासून त्या दिवसापर्यंत अठरा वर्षे आणि आठ महिने गेले. स्टीफन जगला त्याहून एखादा महिना जास्तच.

या नाट्याबद्दल मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्यात खुनाचा मसाला नाही. आपल्याकडच्या मालिकांत सूड घेणारी आई दिसते ती कुंकू पुसून, केस मोकळे सोडून, पार्श्वसंगीताच्या दणदणाटात. इथे डोरीन (मारियन जाँ-बातिस्त या अभिनेत्रीने ही भूमिका केली आहे) बराच वेळ नुसती बसलेली असते. घर माणसांनी भरलेले, फोन वाजतो आहे, पोलीस खाली बसून चहा घेतात आणि विचारतात, तुमचा मुलगा कुठल्या टोळीत होता का? त्याच्याजवळ लोकरी हातमोजे नि टोपी कशाला होती? घरी येणारे हे लोक कोण आहेत? खून झालेल्याचीच चौकशी चाललेली. आमच्याकडे येणाऱ्या आयांना हे प्रश्न वेगळ्या शब्दांत तोंडपाठ आहेत. मुलीचं लग्नाआधी कुणाशी काही होतं का? फोनवर कुणाशी बोलायची? स्वभावानं तापट होती का? डॉक्टरांकडे कधी नेली होती का? जाळली कोणी, हा प्रश्न राहतो बाजूला आणि ती कशी होती याचाच पंचनामा होतो.

दुसरी गोष्ट वकिलाची. लॉरेन्स कुटुंबाच्या वकिलाचे नाव इम्रान खान (आमच्यातल्या दोघींना आधी क्रिकेटवालाच वाटला). तपासाचे काय झाले म्हणून हा वकील पत्रामागून पत्रे पाठवी, तर पोलिसांना त्या पत्रांचाच त्रास झाला. माहिती मागणे म्हणजे तपासात अडथळा! 'तुमचं काम तुम्ही केलंत, आता आमचं आम्हाला करू द्या,' हे वाक्य आम्ही ठाण्याच्या बाकावर बसून किती वेळा ऐकले आहे.

या प्रकरणावर आयटीव्हीनेच २०२१ मध्ये 'स्टीफन' नावाची तीन भागांची मालिका केली. तीही आम्ही पुढच्या शनिवारी पाहिली. चांगली आहे. नेव्हिलच्या भूमिकेत ह्यू क्वार्शी हेच नट दोन्हींत आहेत, आणि मधल्या बावीस वर्षांनी त्यांच्या चेहऱ्याचे जे केले आहे ते कोणत्याही रंगभूषेला जमले नसते. पण त्या मालिकेत कथेचा मोठा भाग जुने खोके उघडून तपास नव्याने लावणाऱ्या प्रामाणिक पोलीस अधिकाऱ्याचा आहे. तो अधिकारी खरोखरच होता, त्याने खरोखरच काम केले, त्याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. तरी अठरा वर्षे ज्या खात्याने घड्या घातल्या, त्याच खात्यातल्या एका सज्जनाच्या हातून न्याय होतो म्हटल्यावर पाहणारा सुस्कारा टाकून झोपायला जातो. पहिल्या नाट्यात तशी सोय नव्हती, कारण ते दाखवले गेले तेव्हा न्याय झालेलाच नव्हता. आमच्या केंद्रात येणाऱ्या बहुतेक कहाण्या त्या पहिल्या नाट्याच्या टप्प्यावर आहेत.

खुनाचे कारण मोठ्याने उच्चारले जावे, हेही डोरीन सारखी मागत होती. शिक्षेइतकीच तिची ही मागणी होती. माझा मुलगा काळा होता म्हणून त्याला मारले, एवढे म्हणा. तपासातले काही अधिकारी चौकशीत उभे राहूनसुद्धा हे मान्य करायला तयार नव्हते. गुंड पोरे होती, त्यांनी कुणालाही मारले असते, असा त्यांचा सूर.

हे ऐकताना महाराष्ट्रातल्या कोणाला खैरलांजी आठवणार नाही? २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियंका आणि दोन मुलगे यांना गावातल्या जमावाने मारले. घरातला एकच माणूस उरला, भैय्यालाल. पहिले शवविच्छेदन इतके हलगर्जीपणे झाले की पुरलेली प्रेते उकरून दुसरे करावे लागले. सप्टेंबर २००८ मध्ये विशेष न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने ती फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची कैद दिली. आमचा फाशीला पाठिंबा नाही, त्यामुळे तो मुद्दा नाही. मुद्दा हा की दलित अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होत नाही, स्त्रियांच्या विनयभंगाचा गुन्हा सिद्ध होत नाही, हा सूडातून झालेला प्रकार आहे, असे ठरले. माणसे मेली हे मान्य, मारली हे मान्य, पण का, ते कागदावर आले नाही. भैय्यालाल कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले आणि जानेवारी २०१७ मध्ये नागपुरात वारले. आई-मुलीच्या देहांवर जातीने काय केले, हा प्रश्न स्त्री-संघटनांनीही तेव्हा किती उशिरा आणि किती दबकत उचलला, हेही इथे नमूद करायला हवे. दलित कार्यकर्त्या रस्त्यावर उतरल्यानंतर आपल्यापैकी अनेक जणी जाग्या झाल्या.

कागदावरून आणखी एक आठवण. पुण्यात १९८२ साली मंजुश्री सारडा लग्नानंतर चार महिन्यांत विषाने गेली. तिने माहेरी बहिणीला लिहिलेली पत्रे खटल्यात महत्त्वाचा पुरावा होती. सत्र न्यायालयाने आणि उच्च न्यायालयाने त्यांच्यासह सर्व पुराव्यावरून खून मानला. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच पत्रांतून एक हळवी, आत्महत्येकडे झुकू शकणारी मुलगी वाचली आणि आरोपीला सोडले. पुण्यामुंबईच्या संघटना तेव्हा रस्त्यावर आल्या. चळवळीतल्या ज्येष्ठ मैत्रिणी ही गोष्ट अजून सांगतात, आणि ती सांगताना त्यांचा आवाज बदलतो. तेव्हापासून आम्ही सासरहून आलेले प्रत्येक पत्र, आता प्रत्येक मेसेज, जपून ठेवायला सांगतो. तो वाचणार कोण, यावर मात आपल्याला अजून करता आलेली नाही.

आता जे लिहायचे आहे ते लिहायला जड जाते आहे.

हे नाट्य संपल्यावर आमच्यातली एक तरुण कार्यकर्ती भारावून म्हणाली, "आपल्या आयांना हे दाखवायला पाहिजे. म्हणजे त्यांना बळ येईल." मीही मान डोलावली. मग मला तीन वर्षांपूर्वीचा एक खटला आठवला. हुंडाबळीच होता, कागद भक्कम होते, आणि ऐन साक्षीच्या दिवशी मुलीची आईच फितूर झाली. 'मुलगी सुखात होती, स्टोव्हचा भडका उडाला असेल,' असे तिने पिंजऱ्यात उभे राहून सांगितले. बाहेर आल्यावर कोर्टाच्या व्हरांड्यात मी तिला म्हणाले, "स्वतःच्या मुलीचा सौदा केलात तुम्ही." ती काही बोलली नाही. सासरच्यांनी तीन वर्षांचा नातू तिच्या ताब्यात द्यायचे कबूल केले होते, हे मला चार दिवसांनी कळले. धाकटीचे लग्न ठरत नव्हते, नवरा दारू प्यायचा, थोरला दीर 'आता गेली ती गेली' म्हणून रोज येऊन बसायचा, हे तर मला आधीपासून ठाऊकच होते. एम.एस.डब्ल्यू.च्या पहिल्याच वर्षाला समोरच्या माणसाचा निवाडा करायचा नाही, हे आम्ही पाठ करतो. परीक्षेत त्यावर मला चांगले गुणही मिळाले होते.

त्या बाईने मला नातवाबद्दल सांगायचा प्रयत्न आधी दोनदा केला होता. मी तो खटल्याच्या कामात फाटा म्हणून बाजूला सारला होता. घड्या घालायला खाकी गणवेश लागतोच असे नाही.

डोरीन लॉरेन्सबद्दल मनात आदरच आहे. पण तिने काय मोजले तेही पाहा. मुलाला लंडनमध्ये पुरले तर थडग्याची विटंबना होईल या भीतीने त्याला जमैकाला नेऊन पुरले. तो पडला त्या जागी बसवलेल्या स्मृतिफलकाचीही पुढे वारंवार नासधूस झालीच. १९९९ मध्ये तिचा आणि नेव्हिलचा घटस्फोट झाला. २०१३ मध्ये तिला हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये नेमले गेले, आणि त्याच वर्षी एका माजी गुप्त पोलिसाने उघड केले की न्याय मागणाऱ्या या कुटुंबाची बदनामी करता येईल असे काही शोधायचे काम त्याला दिले गेले होते. खुन्यांची नावे हातात असताना त्यांच्या दारात जायला वेळ नव्हता, आईच्या मागावर माणूस लावायला होता! आपल्याकडेही दिल्लीच्या सत्यराणी चढ्ढा होत्या. १९७९ मध्ये मुलगी गेली. जावयाची शिक्षा उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये कायम केली. पुढच्या वर्षी सत्यराणी वारल्या. चौतीस वर्षे. अशा बायांचे आपण सत्कार करतो, त्यांच्यावर अंक काढतो. पण ज्या कामासाठी पगारी खाते आहे ते काम एका आईने आयुष्य जाळून करावे लागते, ही गौरवाची बाब म्हणून सांगताना आपण कोणाची लाज झाकतो? आणि जिला हे झेपत नाही, तिच्याबद्दल आपल्या मनात काय उरते?

थोडे कायद्याबद्दल, कारण पत्रांतून विचारणा येत असते. खुनाचा खटला सरकार विरुद्ध आरोपी असा चालतो. आई त्यात फक्त साक्षीदार. २००९ च्या दुरुस्तीने पीडिताला सरकारी वकिलाच्या मदतीला आपला वकील देता येतो आणि आरोपी सुटला तर अपील करता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही हे आहे, शिवाय तपास कुठवर आला हे पोलिसांनी नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये म्हटले आहे की तपासापासून अपिलापर्यंत पीडिताला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. हे सगळे वापरा. मागा.

पण व्याख्या नीट वाचा. पीडित म्हणजे ज्याचे नुकसान झाले तो, आणि त्याचा पालक किंवा कायदेशीर वारस. आता विवाहित हिंदू मुलीचा कायदेशीर वारस कोण? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचे कलम १५ काढून पाहा. आधी मुले आणि नवरा. ते नसतील तर नवऱ्याचे वारस. त्यानंतर कुठे तिचे आईवडील. म्हणजे जिने जन्म दिला ती, जे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे आहेत त्यांच्या गोतावळ्यामागे रांगेत उभी! खून करणाऱ्याला वारसा मिळत नाही हे खरे. लग्नानंतर सात वर्षांच्या आत अनैसर्गिक मृत्यू झाला आणि मूल नसेल तर हुंड्यातली मालमत्ता आईवडिलांकडे जावी, अशी तरतूद हुंडाविरोधी कायद्यात १९८६ पासून आहे. आणि न्यायालयांनी पीडित या शब्दाचा अर्थ उदारपणे लावून आईबापांना अपील करू दिलेले आहे. पण ही उदारता प्रत्येक वेळी मागावी का लागावी? व्याख्येतच मृत स्त्रीचे आईवडील आणि भावंडे असे स्पष्ट शब्द घालावेत, ही मागणी या अंकापासून आपण लावून धरत आहोत. निवेदनाचा मसुदा मागच्या पानावर आहे. सह्या करून पाठवा, आणि तुमच्या भागातल्या खटल्यांत आईवडिलांना काय अनुभव आला तेही कळवा. फितूर झालेल्यांचेसुद्धा, किंबहुना त्यांचे आधी.

मावशींच्या चिठ्ठीबद्दल सांगायचे राहिले. मुलगी गेल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी शेजारणीचे नाव लिहून ठाण्यात दिले होते. त्या शेजारणीने ओरडणे ऐकले होते आणि ती सांगायला तयार होती. ती चिठ्ठी आरोपपत्रात नाही. तिची पोच मावशींनी घेतली नव्हती. घ्यायची असते हे त्यांना कोण सांगणार? शेजारीण आता ते गाव सोडून गेली आहे. नाट्य पाहिल्यावर पुढच्या आठवड्यात मावशी आल्या आणि विचारले, "माझी चिठ्ठी कुठाय, असं मी जज्जसाहेबांना विचारू शकते का?" सरकारी वकिलांचे म्हणणे, विचारले तेवढ्याचेच उत्तर द्यायचे. आमच्या वकील मैत्रिणीने शेजारणीला साक्षीला बोलवावे म्हणून अर्ज तयार केला आहे. तो सरकारी वकिलांमार्फतच द्यावा लागेल, आणि त्यांनी अजून हो म्हटलेले नाही.

मावशींच्या घरी अजून दोन्ही बाजूंचे लोक येऊन बसतात. नातीचा विषय निघतो. या वेळी आम्ही त्यांना एवढेच सांगितले आहे की जे ठरवाल ते आधी आम्हाला सांगा, आम्ही रागावणार नाही. साक्ष पुढच्या महिन्यात आहे. आमच्यापैकी दोघी बरोबर जाणार आहोत. मावशींनी आठवून आठवून ती चिठ्ठी पुन्हा लिहून काढली आहे आणि घडी पडू नये म्हणून दोन पुठ्ठ्यांत घालून ट्रंकेत ठेवली आहे.